फांदी मिटताना

१८ जानेवारी २००४, रविवार

डायरी लिहिणं हे रिकामटेकड्यांचं काम, असं मी आजवर म्हणत आलो. पण आज लिहिण्यासारखं घडलंय. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा एकट्याचा असा प्रोग्राम आज आमच्या चाळीच्या व्यायामशाळेत, कमिटीच्या कॉम्प्युटरवर सुरू झाला. ऑफिसात इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रोग्रामांची धुणीभांडी करतोय. आज पहिल्यांदा घरचा गणपती बसवल्यासारखं वाटलं.

आमची चाळ पाडून टॉवर होणार, हे आता डिलाईल रोडला कोणाला नवीन नाही. कुठल्या खोलीत कोण राहतं, कोण गावी गेलं, कोण वारलं, ही माहिती पाडव्याला बिल्डरच्या हातात द्यायचीय. ज्या खोलीत कोणीच राहत नाही ती यादीतून जाणार, म्हणजे तिच्या बदल्यात नवीन घर नाही. बिल्डर त्याचीच वाट बघत बसलाय. चाळ कमिटीचे सेक्रेटरी चिंतामणीकाका विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. कागदांनी ते कावले आणि मला म्हणाले, "रघुवीर, तू कॉम्प्युटरवाला ना? मग आम्ही पेनं का झिजवतोय?"

प्रोग्राम असा आहे. डावीकडे झाड. चाळीखाली मजले, मजल्याखाली खोल्या, खोलीखाली माणसं. अधिकच्या चिन्हावर क्लिक केलं की फांदी उघडते, वजाच्या चिन्हावर केलं की मिटते. माझी खरी करामत म्हणजे शेरा. वरती एक शेरा ठरवून ठेवायचा, 'राहतात', 'गावी' किंवा 'मयत'. मग झाडातलं जे नाव निवडाल त्याला तो शेरा आपोआप लागतो. वेगळं बटण नाही, 'नक्की ना?' असली विचारपूस नाही. नाव निळं झालं की नोंद झाली. अख्खी खोली बंद असेल तर सरळ खोलीच निवडायची, तिच्या पोटातली सगळी माणसं एका फटक्यात गावी. सुरुवातीला झाडात काहीच निवडलेलं नसेल तर प्रोग्राम आडवा पडायचा. तेही दुरुस्त केलं.

चिंतामणीकाकांनी पाठ थोपटली. माझे वडील, अण्णा, मात्र बघायला आले नाहीत. आज अठरा जानेवारी, गिरणीचा संप सुरू झाला तो दिवस. दर वर्षी या तारखेला ते गॅलरीत बसून राहतात. मी म्हटलं, राहू दे.

२५ जानेवारी, रविवार

माहिती भरायला कमिटीने शेवंतीला बसवलंय. ती दादरला एका टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करते, बोटं भराभर चालतात. मी तिला तासभर शिकवलं. दहा मिनिटांत तिला सगळं आलं होतं, उरलेला वेळ मी माझं कौतुक सांगितलं.

तिला एक सवय आहे. खोलीतली माणसं भरून झाली की ती त्या खोलीची फांदी मिटते आणि मगच पुढची उघडते. मी म्हटलं, "उघडीच राहू दे ना, वेळ वाचेल." तर म्हणते, "उघडं टाकून मला जमत नाही रे. घरातनं निघताना दार ओढून घेतो की नाही आपण?" मी हसलो. झाकपाक करणारी बायको मिळाली तर बरी, असं काहीतरी मनात येऊन गेलं, ते इथे लिहितोय आणि खोडत नाही.

घरी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "कोण, धर्माची शेवंती?" आणि ताटावरून उठले.

लहानपणी आम्ही दोघं जिन्यात खेळायचो. संपाच्या वर्षी ते बंद झालं. शेवंतीचे वडील धर्माकाका आणि अण्णा एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर कापड विणायचे. संपाला आठ महिने होत आले असताना धर्माकाका गिरणीच्या गेटातून बाहेर येताना अण्णांना दिसले, आणि अण्णांनी ते संपाच्या कमिटीत सांगितलं. धर्माकाका सांगत राहिले की मी आतल्या दवाखान्यात बायकोचं औषध आणायला गेलो होतो, साच्याला हात लावला नाही. पण गेटातून आत गेले हे त्यांनीच कबूल केलं म्हटल्यावर बोलायला राहिलं काय? चाळीने त्यांना वाळीत टाकलं. कोणी त्यांच्या हातची तंबाखू घेईना, कोणी त्यांच्याकडे चुना मागेना. गिरणीतल्या माणसाला याच्यापुढे वेगळी शिक्षा लागत नाही. आईने मला सांगितलं होतं, शेवंतीशी खेळायचं नाही. मीही चटकन ऐकलं होतं. आज ती शेजारी बसून भराभर नावं भरत होती आणि मला ते आठवून ओशाळल्यासारखं झालं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चिंतामणीकाका म्हणतात की आसपासच्या चार चाळींना हाच प्रोग्राम हवाय. चार! म्हणजे नोकरी सोडून स्वतःचं काही करता येईल. बसमध्ये तिकिटाच्या मागे कंपनीची नावं लिहीत बसलो. अजून कोणाला सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

माहिती भरून झाली. शेवटची राहिली होती ती सोळा नंबर, गावकीची खोली. ही खोली एका घराची नाही, वेंगुर्ल्याकडच्या एका अख्ख्या गावाची. गिरण्या चालू होत्या तेव्हा तिथे माणसं पाळीपाळीने झोपायची. एकेकाचा हक्क म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीतला एक खिळा. संपानंतर सगळे गावी गेले. राहिले ते एकटे बुधाजीआबा. खिळे अजून आहेत, आबांच्या सदऱ्याशिवाय सगळे रिकामे.

आबा आज शेवंतीच्या शेजारी स्टूल घेऊन बसले आणि नावं सांगत गेले. पहिलं स्वतःचं सांगितलं, "ह्यां आधी लिही, नायतर माकाच विसरशीत." मग बाकीचे, एकेकाच्या बापाचं नाव, घराण्याचं नाव, कोणाचा स्वभाव कसा होता ते. शेवंती प्रत्येक नाव निळं करत होती आणि मध्येच हसत होती. मी बाजूला उभा राहून माझ्या झाडाकडे बघत होतो. एवढी पानं एका फांदीला, छान दिसत होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

यादी नोटीस बोर्डावर लावली आणि संध्याकाळी बोंबाबोंब. सोळा नंबर यादीतच नाही. बुधाजीआबा जिन्यात भेटले, माझा दंड धरून म्हणाले, "रघू, माझां नाव खंय गेलां रे? मी हंयच आसंय मां?" मी म्हटलं, आबा, काळजी करू नका, काहीतरी टायपिंगची चूक असणार.

कॉम्प्युटर उघडून पाहिलं. सोळा नंबर खोलीवरच 'गावी' असा शेरा. म्हणजे खोली बंद, म्हणून आबांसकट सगळी गेली. मी खोलीचा आणि आबांचा शेरा बदलला, नवीन यादी काढली. पाच मिनिटांचं काम. आबांनी बोर्डावर स्वतःचं नाव बोटाने चाचपून पाहिलं.

पण कुजबुज सुरू झालीय. सोळा नंबरच का गेली? बिल्डरला फुकटची खोली कोणी मिळवून दिली? माहिती कोण भरत होतं?

२२ फेब्रुवारी, रविवार

कमिटीची सभा. व्यायामशाळेत खुर्च्या कमी पडल्या.

शेवंतीला उभं केलं होतं. ती म्हणाली, "मी खोलीवर क्लिक केलं नाही. माणसांची नावं निवडली, आबांना विचारून. खोलीला मी हातच लावला नाही."

चिंतामणीकाका माझ्याकडे वळले. "रघुवीर, तू सांग. कॉम्प्युटर आपल्या मनाने असं करेल का?"

मी म्हणालो, "कॉम्प्युटर आपल्या मनाने काही करत नाही. कोणीतरी निवडल्याशिवाय शेरा लागत नाही."

हे वाक्य आम्ही ऑफिसात दिवसातून चारदा बोलतो. गिऱ्हाईकाचा फोन आला की पहिलं हेच, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं, आणि मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

मागून कोणीतरी म्हणालं, "बाप गेटातून गेला, मुलगी कॉम्प्युटरच्या खिडकीतून गेली." लोक हसले. शेवंतीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. जिन्यात खेळायचं बंद झालं त्या दिवशी तिने असंच पाहिलं होतं, नक्की काय झालं ते न कळल्यासारखं. मी नोटीस बोर्डाकडे बघायला लागलो.

व्यायामशाळेची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. वीस मार्चच्या सभेत ठराव होणार, की शेवंतीने माहितीत फेरफार केला, आणि तो चाळीच्या दप्तरात कायमचा लिहिला जाणार.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्यात शेवंती. मी बाजूला झालो तर ती थांबली. "रघू, तू मला ओळखतोस. मी क्लिक केलं नव्हतं रे."

मी म्हटलं, "अगं, चुकून हात लागला असेल. मुद्दाम केलंस असं मी कुठे म्हणतोय?"

"चुकूनही नाही," ती म्हणाली आणि वर निघून गेली. मला थोडा रागच आला. एवढं मी समजून घेतोय तर हिने एक पाऊल मागे यायला काय हरकत आहे?

२८ फेब्रुवारी, शनिवार

मीच. मीच, मीच, मीच.

दुपारी ऑफिसात माणसं नव्हती. चार चाळींना द्यायचं म्हणून प्रोग्राम पुन्हा तपासायला घेतला. मी नेहमीसारखी नावं निवडत गेलो, सगळं बरोबर. कितीही वेळा करा, बरोबर. मग का कोण जाणे, शेवंतीचं ते दार ओढून घेणं आठवलं. सोळा नंबर उघडली, शेरा 'गावी' ठेवला, एक नाव निवडलं. आणि फांदी मिटली.

खोली निळी झाली.

मी खोलीला हात लावला नव्हता. नाव फांदीच्या आत गेलं, दिसेनासं झालं, तर निवड कुठेतरी हवीच, म्हणून झाडाने ती स्वतःहून वर सरकवली आणि खोलीवर आणून ठेवली. आणि निवड बदलली की माझा कोड डोळे मिटून शेरा मारतो. निवड बदलली, एवढंच त्याला कळतं. कोणी बदलली, हे त्याने कधी विचारलंच नाही. म्हणजे मी विचारलं नाही.

बाकीच्या खोल्यांत हे का दिसलं नाही, तेही आता कळलं. घरातल्या वारलेल्या आणि गावी गेलेल्या माणसांची नावं ती आधी भरायची, राहणारी शेवटी. मिटताना खोलीला 'राहतात' लागायचं, खोलीचा 'राहतात' आतल्या माणसांना लागत नाही, म्हणून ते बरोबरच असायचं. फक्त सोळा नंबरमध्ये आबांनी स्वतःचं नाव पहिलं लिहायला लावलं. आणि मी तपासलं तेव्हा एकदाही फांदी मिटून पाहिली नाही. मला उघडं टाकून जायची सवय.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. निवडणं वेगळं आणि शेरा मारणं वेगळं, त्याला एक बटण. तेच बटण, जे मी वाचवलं म्हणून फुशारक्या मारत होतो.

घरी येताना गेटाशी शेवंती दिसली. मी पानाच्या गादीवर नको असलेले सुटे पैसे मागत उभा राहिलो, ती जाईपर्यंत.

२९ फेब्रुवारी, रविवार

नवीन प्रोग्राम व्यायामशाळेतल्या कॉम्प्युटरवर टाकला. चिंतामणीकाका म्हणाले, "काय नवीन?" मी म्हटलं, "एक बटण वाढवलंय, सोयीसाठी."

सोयीसाठी. हे लिहिताना कान गरम होतायत.

६ मार्च, शनिवार, होळी

आईने पोळ्या केल्या. दर होळीला ताटं मजल्यामजल्यावर फिरतात, हल्ली धर्माकाकांच्या घरीही जायची. इतक्या वर्षांनी लोक विसरले होते, किंवा विसरल्यासारखं करत होते. आज कोणाचंच ताट त्यांच्या दारात गेलं नाही. आईने ताट वाढलं, झाकलं, आणि मग म्हणाली, "राहू दे, उगाच लोकांच्या डोळ्यावर येईल."

मी तिथेच बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर ते ताट गेलं असतं. मी म्हटलं, हो, राहू दे. आणि पोळी खाल्ली, तुपाबरोबर. आज स्वतःची इतकी किळस आली की अर्ध्यावर उठावंसं वाटलं, पण आई विचारेल म्हणून ती संपवली.

कळलंय की दादरच्या दुकानात ही गोष्ट पोचली. मालकाने शेवंतीला काउंटरवरून उठवून आत झेरॉक्सच्या मशीनपाशी बसवलंय. काउंटरवर लोकांचे अर्ज टाइप होतात, तो म्हणाला, विश्वासाचं काम आहे.

१० मार्च, बुधवार

अण्णांना अचानक कॉम्प्युटरमध्ये रस आलाय. संध्याकाळी गॅलरीत मला बोलावून म्हणाले, "तिने दाबलं हे तू बघितलंस काय?"

"बघितलं नाही अण्णा. पण ती तिथे होती ना बसलेली."

"होती. ते खरंच." मग बराच वेळ तंबाखू मळत बसले. "माणूस तिथे असतो, आणि त्याने ते केलेलं नसतं. असं होतं काय रे तुझ्या त्या मशीनमध्ये?"

यांना कोणी सांगितलं? मी म्हटलं, "होऊ शकतं. क्वचित."

"क्वचित," अण्णा म्हणाले. तंबाखू मळून झाली होती, पण त्यांनी ती तोंडात टाकली नाही, कठड्यावरून खाली झटकून दिली. म्हातारपणी माणसाचं काय बिनसेल सांगता येत नाही.

१४ मार्च, रविवार

आज हिय्या करून चिंतामणीकाकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी चष्मा पुसला.

"खोली परत आली ना यादीत?"

"आली."

"आबांचं घर गेलं का?"

"नाही."

"मग झालं तर. हे बघ, आता तू उठून सांगितलंस की प्रोग्रामच चुकीचा होता, तर बिल्डर म्हणेल तुमची सगळी यादीच चुकीची. पुन्हा पहिल्यापासून. पावसाळा जाईल, म्हातारी माणसं जातील. आणि बाकीच्या चाळींना मी काय सांगू? अरे, पोरीचं काय, चार दिवसांनी लोक विसरतात."

"तिच्या वडलांचं विसरले नाहीत," मी म्हटलं.

"ते वेगळं. त्यांनी खरंच केलं होतं."

काकांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, ही त्यातली वाईट गोष्ट. यादीचं मलाही भय होतंच. काकूंनी चहा आणला. मी प्यायलो. बशीतलं बिस्किटही खाल्लं, बुडवून. आजच्या दिवसातलं सगळं विसरेन, ते बिस्किट विसरणार नाही. दारातून निघताना काका म्हणाले, "शहाणा आहेस." मी जिना उतरलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. खरंच हलकं वाटत होतं, हे इथे लिहायलाच हवं.

१७ मार्च, बुधवार

अण्णा म्हणाले, "शनिवारी सभा ना? मी येणार."

संपानंतर अण्णा कुठल्याही सभेला गेलेले नाहीत. आई माझ्याकडे बघायला लागली. मला काय ठाऊक?

मी त्या दिवशी आजारी पडावं, असा विचार दुपारभर करत होतो.

२० मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहितो.

व्यायामशाळा भरली होती. शेवंती मागच्या बाकावर, आणि तिच्या शेजारी धर्माकाका, भिंतीला टेकून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण मुलीचं नाव निघणार म्हणून आले असणार. अण्णा माझ्या बाजूला. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

चिंतामणीकाकांनी ठराव वाचला. वाचताना ते माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "कोणाची हरकत?"

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि उठायला लागले. त्यांचे गुडघे गेलेत, आधार लागतो. म्हणून मी उठलो, त्यांना धरायला. आणि मी उठलेला बघून काका म्हणाले, "हां, रघुवीर?" सगळी सभा माझ्याकडे वळली. अण्णा अर्धे उठलेले तसेच पुन्हा खाली बसले.

मी धैर्याने उठलो असं कोणी पुढे म्हटलं, तर ते खोटं आहे.

मी कॉम्प्युटरपाशी गेलो. जुना प्रोग्राम माझ्याजवळ होता, तो लावला. सोळा नंबर उघडली. 'गावी' ठेवलं. एक नाव निवडलं. म्हटलं, "आता बघा, मी खोलीला हात लावत नाही. फक्त फांदी मिटतोय. शेवंती मिटायची तशी."

खोली निळी झाली आणि समोर शेरा पडला.

"परत दाखव," कोणीतरी म्हणालं. परत दाखवलं. बुधाजीआबा पुढे येऊन पडद्याला नाक लावून बसले. तिसऱ्यांदा दाखवलं, तेव्हाही ते तसंच झालं.

"म्हणजे मशीनची चूक," मागून आवाज आला.

"मशीनची नाही. माझी. शेवंतीने काहीच केलं नाही. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि मी सभेत तिला खोटं पाडलं."

गलका झाला. काका म्हणाले, आता बिल्डरला काय सांगायचं. कोणी म्हणालं, यादी परत तपासू, एक रविवार लागेल, पाडव्याऐवजी आठवड्याने देऊ, त्यात काय मोठं. ज्या गोष्टीच्या भीतीने मी इतके दिवस तोंड शिवून बसलो होतो, तिला एक रविवार पुरणार होता. ठराव काकांनी घडी करून खिशात घातला. मघाशी हसलेली माणसं आता मला हसत होती. ते बरं वाटलं.

मग शेवंती उभी राहिली.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. काल म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"फेब्रुवारीच्या शेवटी. अठ्ठावीस तारखेला."

तिने मनात काहीतरी जुळवलं. "म्हणजे होळीच्या आधी," ती म्हणाली.

बस, एवढंच. पर्स उचलली, वडलांना हात दिला, आणि दोघं निघून गेली. धर्माकाका अण्णांच्या खुर्चीशेजारून गेले, तेव्हा अण्णांनी मान वर केली. धर्माकाका थांबले नाहीत.

२१ मार्च, रविवार, पाडवा

गुढी उभारून झाली. अण्णांनी पांढरा सदरा घातला, खिशात तंबाखूची चंची घातली आणि मला म्हणाले, "चल जरा वर."

"कुठे?"

"चल म्हटलं ना."

मला कळलं, माझ्यासाठी ते माफी मागायला निघालेत. मी म्हटलं, अण्णा, माझं मी बोलेन. ते कठडा धरून एकेक पायरी चढत राहिले. धर्माकाकांच्या दारात पोचलो तेव्हा धाप लागली होती. शेवंतीने दार उघडलं आणि अण्णांना बघून नुसती बाजूला झाली.

धर्माकाका खाटेवर बसले होते. अण्णा उंबऱ्याच्या बाहेरच उभे. मी काय बोलायचं ते घोकून आलो होतो, तोंड उघडणार तेवढ्यात अण्णाच म्हणाले, "धर्मा, मी तुला गेटात बघितलं होतं. साच्यावर बघितलं नव्हतं."

काय चाललंय ते मला क्षणभर कळलंच नाही.

"तुझ्या हातात बाटली होती औषधाची," अण्णा म्हणाले. "ती पण बघितली होती."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. शेवंती गॅस बंद करायला गेली नाही.

धर्माकाका म्हणाले, "आत ये. दारात किती उभा राहशील?"

अण्णा आत जाऊन खाटेच्या टोकाला बसले. चंची काढली. तंबाखू तळहातावर घेतली, नखाने चुना लावला, मळायला लागले. अंगठा नीट फिरत नव्हता, थोडी जमिनीवर सांडली. मळून झाल्यावर त्यांनी हात पुढे केला.

धर्माकाकांनी त्या हाताकडे पाहिलं. "सोडली रे मी," ते म्हणाले. "तेव्हाच सोडली. एकट्याने काय खायची?"

अण्णांचा हात तसाच पुढे राहिला. तो मागे घ्यायचा हे त्यांच्या लक्षातच येत नव्हतं. मग धर्माकाकांनी दोन बोटांनी चिमूट उचलली आणि ओठात धरली. त्यांना ठसका लागला. अण्णा त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

मी अजून उंबऱ्याबाहेर होतो. शेवंतीने मला बस म्हटलं नाही, आणि मी बसलो नाही.